कोऱ्या घरातलं पाणी

१

"त्या घरात कोणीतरी राहून गेलंय. नवं म्हणून दाखवताहेत, पण ते नवं नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीचा निळा प्लास्टिक कागद फाडलाय, जाऊन बघा."

एवढं बोलून त्या माणसाने फोन आपटला. नाव नाही, गाव नाही, नुसता घराचा पत्ता. फोन घेणाऱ्या आमच्या क्लार्कने ते वाक्य तसंच्या तसं उतरवून माझ्या टेबलावर आणून ठेवलं, आणि मी काही बोलायच्या आत सटकला. ऑफिसात मला मागून 'मिरची' म्हणतात, आणि सकाळी पहिल्या चहाच्या आधी मी जरा जास्तच तिखट असते, हे मलाही ठाऊक आहे.

माझं काम सांगते. आयुष्यात पहिल्यांदा घर घेणाऱ्याला सरकार खरेदीवरचा कर परत देतं. अट अशी की घर कोरं पाहिजे, त्यात आधी कोणी राहिलेलं नको. लोक याला 'पहिल्या घराची सूट' म्हणतात. लोक लबाड्या करतात, आणि त्या पकडायला मी. घरं उघडायची, कोपरे हुंगायचे, शिक्का मारायचा. स्वतः मात्र आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये. भिंतींचा रंगसुद्धा साहेबांच्या मर्जीचा. दिवसभर दुसऱ्यांच्या हातातल्या नव्या किल्ल्या बघून पोटात तुटतं हो. खोटं कशाला बोलू?

तक्रार होती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाईंच्या घराबद्दल. लग्न केलेलं नाही, पन्नाशी उलटलेली. सगळं आयुष्य थोरल्या भावाकडे काढलेलं. मी त्यांना ऑफिसात बोलावलं.

ताई आल्या. चण चिमुकली, बोटांची टोकं काच घासून घासून गुळगुळीत झालेली. तक्रार ऐकल्यावर त्या खुर्चीत मागे रेलल्या, आणि त्यांच्या ओठांवरचा रंगच उडाला.

"बाई, सूट नाही मिळाली तर माझा शेवटचा हप्ता भरला जाणार नाही. त्याच भरवशावर मी घर घेतलंय. हप्ता चुकला की बुकिंग रद्द. घर गेलं."

"कोणी राहिलं होतं का तिथे? खरं सांगा. नंतर कळलं तर मी माझ्या बापाचंही ऐकत नाही."

"किल्ली मिळून थोडेच दिवस झालेत. आणि तुमच्या नियमाच्या भीतीने मी तिथे एक पेलासुद्धा नेला नाही हो. खिडकीचा कागद फाटलेला बघितला मी, वाटलं कामगारांनी फाडला असेल." मग एकदम त्यांचा आवाज मऊ झाला. "पहिल्यांदा दार उघडलं ना, तेव्हा आत नुसता ताज्या रंगाचा वास होता. मी दारातच उभी राहून रडले. दादाच्या घरी मी हॉलमध्ये झोपते. सगळ्यांचा टीव्ही बघून झाला की मग माझी रात्र सुरू. स्वतःच्या मर्जीने दिवा मालवायचा, एवढंच हवंय मला."

मला एकदम चहा प्यावासा वाटला. मी उठले आणि म्हटलं, "चला, घर दाखवा."

२

इमारत बांधून वर्ष होऊन गेलं होतं. कसल्याशा परवानगीत अडकल्यामुळे इतके दिवस सगळी घरं कुलूपबंद होती. किल्ल्या सांभाळायला एक म्हातारा होता. सगळे त्याला किल्लीवाले काका म्हणत. कमरेला जुडगा, तोंडात सदा लवंग.

मला बघून काकांची लवंग गालातल्या गालात इकडून तिकडे गेली.

आत शिरले. भिंती कोऱ्या, पंख्याची पाती अजून पिशवीत गुंडाळलेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर तेलाचा एक थेंब नाही. संडासाच्या सीटवरचं प्लास्टिक जसंच्या तसं, सील न तुटलेलं. म्हणजे इथे कोणी राहिलं असेल तर तो माणूस जेवत नव्हता, झोपत नव्हता आणि, माफ करा, परसाकडेही जात नव्हता.

मग स्वयंपाकघरातली खिडकी. काचेवरच्या निळ्या कागदाला बरोब्बर मधोमध तळहाताएवढं भोक. ओरबाडलेलं नाही, नखाने सावकाश सोललेलं. मला त्यातून बघायला टाचा उंच कराव्या लागल्या, आणि मी काही बुटकी नाही. दोन उंच इमारतींच्या फटीतून दूरवर एक जुनी गच्ची दिसत होती. पिवळी पाण्याची टाकी, शेजारी डब्यांत लावलेली झाडं. दुसरं काही नाही.

"ताई, तुम्ही बघा बरं यातून."

ताईंनी मान वर केली, टाचा उंचावल्या, मग हसल्या. "स्टूल लागेल हो मला. आणि दुकानात लोकांना चष्मे करून देते खरी, पण लांबचं मला स्वतःलाच धड दिसत नाही."

मी न्हाणीघरात गेले, आणि तिथे माझं डोकं खरं चालू लागलं.

एवढ्या वर्षांत मी शेकडो बंद घरं हुंगली आहेत. मोरीच्या जाळीखाली नळीला एक वाक असतो, त्यात पाणी साचून राहतं, आणि तेच खालच्या गटाराची घाण वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की ते पाणी सुकतं. मग दार उघडताच असा भपकारा येतो की विचारू नका. पाठोपाठ झुरळं.

इथे वास नव्हता. मी जाळीवर टॉर्च मारला. खाली पाणी चमकलं.

"काका, शेजारचं न विकलेलं घर उघडा."

"कशाला बाई? तसंच आहे ते पण."

"तसंच आहे ना? मग उघडा की."

त्यांनी उघडलं. आम्ही तिघांनीही एकदम नाकाला पदर, रुमाल, हात, जे सापडलं ते लावलं. एक गलेलठ्ठ झुरळ रुबाबात उंबऱ्यापर्यंत आलं आणि आम्हाला बघून परत फिरलं.

"आता सांगा," मी म्हटलं, "ताईंच्या मोरीत वर्षभर पाणी कोण ओतत होतं?"

काकांनी लवंग गिळली.

३

"मीच," काका म्हणाले. "हवा खेळावी म्हणून उघडायचो. फिनेल टाकायचो."

"एवढ्या घरांत नेमकं त्याच घरात? आणि फिनेलचा वास कुठे गेला? कुलूप उघडून उडाला?"

काका ततपप करायला लागले. तेवढ्यात जिन्यातून टाचा वाजवत बुकिंगवाली आली. बिल्डरच्या ऑफिसातली. तरुण, चुणचुणीत, बोलणं अखंड.

"मॅडम, काही प्रॉब्लेम असेल तर ताईंचं बुकिंग आम्ही विनात्रास रद्द करून देऊ हं. आत्ता या घराला दुसरं गिऱ्हाईक लगेच मिळेल. तेव्हापेक्षा जास्त किमतीला."

ताईंनी माझा दंड धरला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घर परत मिळालं तर जास्त भावाने विकायचं, म्हणजे तक्रार करायला याच लोकांना सगळ्यात जास्त कारण. मी बुकिंगवालीला बाजूला घेतलं आणि विचारलं, "या घरात तू शेवटची कधी आली होतीस?"

"मी? आत? छे हो मॅडम, मला धुळीचा त्रास होतो. मी सगळी घरं नकाशावरच विकते." आणि तिने माझ्यासमोर दोन शिंका दिल्या. अभिनय असेल तर बक्षीस द्यावं असा.

तिला मी सोडलं. एक म्हणजे फोनवर आवाज पुरुषाचा होता. तो तिने कोणाकडून करवला असता, हे खरं. पण घर बदनाम करायचं असतं तर तिच्या माणसाने एक चूल पेटवून ठेवली असती, एक गादी टाकली असती. घर सडू नये म्हणून महिनोन्‌महिने पाणी कशाला ओतलं असतं? उलट आतला फाटका कागद सांगणारा माणूस आत जाऊन आलेला होता. पाणी ओतणाराही आत जाऊन आलेला. एकाच बंद घरात दोन वेगवेगळे चोर लपूनछपून यावेत, हे मला पटेना.

म्हणजे घर जपणारा आणि घराची चुगली करणारा एकच. हे कसं काय?

मी काकांकडे वळले. काका माझ्या खांद्याएवढे. त्या भोकातून बघायचं तर त्यांनाही स्टूलच लागलं असतं.

"काका, तुमची नोकरी घालवायची नाहीये मला. पण किल्ली तुम्ही कोणाला तरी देत होतात. उंच माणसाला."

काकांनी ताईंकडे बघितलं, मग जमिनीकडे. "मी शब्द दिलाय," म्हणाले. "हवं तर नोकरी घ्या."

४

शब्द दिलाय म्हणे! आता असे शब्द पाळणारे राहिले किती? राग आला, आणि खरं सांगायचं तर म्हातारा आवडलाही.

ताईंना मी बाहेर कट्ट्यावर बसवलं. "घरी कोण कोण असतं?"

"आता फक्त दादा. वहिनी जाऊन बरेच दिवस झाले. भाचे लांब, आपापल्या नोकऱ्यांवर."

"दादांना हे घर पसंत आहे?"

ताई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मी बुकिंग केल्याचं सांगितलं, तेव्हा दादा जेवत होता. 'बरं,' म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली. त्यानंतर आमच्यात या घराचा विषय निघालेला नाही. त्याला काय हो, सुटला म्हणत असेल. कायम भांडत असतो आम्ही. मीठ जास्त, पंखा मोठा, वर्तमानपत्राची घडी चुकली. मी गेले की निवांत होईल."

"ते इथे आले होते कधी?"

"दादा? त्याने पायरीसुद्धा चढलेली नाही."

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात असताना मी त्यांच्या घरी गेले. मुद्दामच.

दार उघडलं ते चौकटीला डोकं लागेल एवढ्या उंच माणसाने.

५

दादांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि लगेच वैतागले. "घर तिचं, चौकशी माझी? मी त्या बाजूला फिरकलोही नाही. मला काय करायचंय?"

भिंतीवर खिळ्याला पाने, पकडी आणि पाइप कापायची करवत ओळीने टांगलेली होती.

"दादा, तुम्ही काम काय करत होतात?"

"हॉस्पिटलात प्लंबर. तिथलं पाणी माझ्या हाताखालून जायचं. एक नळ ठिबकला तरी डॉक्टर मला शोधत यायचे." बोलता बोलता ताठ झाले, मग एकदम सावरले. "का बरं?"

"सहज. झाडं लावता वाटतं? हाताला माती आहे."

"वर गच्चीवर आहेत थोडी. टोमॅटो."

"बघू?"

ते नको नको म्हणत होते, तोवर मी अर्धा जिना चढले होते. वयाच्या मानाने मी चपळ आहे.

गच्चीवर पिवळी टाकी होती. टाकीशेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं. मी कठड्याशी गेले आणि समोर बघितलं. दोन उंच इमारतींच्या फटीत ताईंची इमारत उभी होती, आणि वरच्या मजल्यांवरच्या एका निळ्या खिडकीत एक स्वच्छ ठिपका उन्हाने लखलखत होता. इमारतभर निळ्या काचा, पण तसा ठिपका एकच.

दादा धापा टाकत वर आले. मी बोट दाखवलं. बोलायची गरजच पडली नाही. तरी मी बोलले, कारण गप्प बसायची सवय मला नाही.

"किल्लीवाल्या काकांकडून किल्ली घेऊन तुम्ही जात होतात. मोरीत पाणी ओतत होतात. आणि आमच्या ऑफिसात फोनही तुम्हीच केलात."

"मी? माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुळावर येईन मी?" ते इतके ओरडले की टाकीवरचं कबूतर उडालं. मग कठड्याला टेकून खालीच बसले. एवढा उंच माणूस, दुमडून एवढासा झाला.

"आलो ना मुळावर," म्हणाले. "आलोच."

मी त्यांच्या शेजारी बसले. साडीला माती लागली, लागू दे.

"पहिल्यांदा नुसतं बघायला गेलो होतो. नळ कसले लावलेत, पाइप कसले टाकलेत. हल्ली लोक काय वाट्टेल ते लावतात. दार उघडलं तर घाण वास. मला राहवलंच नाही. तिने इतकी वर्षं काचा घासून घर घ्यायचं, आणि पहिल्यांदा दार उघडल्यावर तोंडावर गटाराचा वास यावा? मग जायला लागलो. जाळ्यांत पाणी टाकायचो, नळ थोडा सोडायचो, गंजू नये म्हणून. काकाशी चार गप्पा व्हायच्या."

"आणि खिडकीला भोक?"

ते कितीतरी वेळ टोमॅटोच्या पानांवरची धूळ पुसत राहिले. "ती स्वयंपाक करताना तिथे उभी राहील ना. तिथून आपली गच्ची दिसते का, बघत होतो."

"दिसते."

"थोडीशी दिसते," त्यांनी मला दुरुस्त केलं.

"मग फोन का केलात दादा?"

"परवा तिने तिचे कपडे बांधायला घेतले. हॉलमध्ये, माझ्यासमोर. एक एक घडी घालून. बाई, मी रोज तिच्याशी भांडतो. ती गेल्यावर या घरात मी भांडू कोणाशी? भिंतीशी?" "वाटलं, सूट नाही मिळाली तर नाही जमणार तिला. राहील इथेच. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली. तिला घर मिळू नये असंही वाटत होतं, आणि मिळालंच तर चांगलं मिळावं असंही."

मी डब्याबाहेर कललेलं एक टोमॅटोचं रोप सरळ केलं.

"आता ते घर कोरं नाही ना?" त्यांनी विचारलं. "मी जात होतो म्हणून? माझ्यामुळे तिचं घर गेलं?"

६

"दादा," मी म्हटलं, "कोणी राहिलं म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं. राहणारा माणूस चूल पेटवतो, अंथरूण टाकतो, आंघोळ करतो. त्या घरात तेलाचा डाग नाही, पंख्याची पिशवी निघालेली नाही, संडासाचं सील तुटलेलं नाही. तिथे कोणी राहिलेलं नाही. कोणीतरी येऊन ते जपलंय. कोरं घर जपायला नियमाची आडकाठी नाही."

"म्हणजे मिळेल सूट?"

"मिळेल."

त्यांनी डोळे मिटून घेतले. आनंद झाला की आधार सुटला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. "ती पहिल्यांदा त्या घरात गेली, तेव्हा काही म्हणाली का?"

"म्हणाल्या, आत नुसता ताज्या रंगाचा वास होता. दारात उभ्या राहून रडल्या."

दादा मान हलवत राहिले. जिन्यापर्यंत मला सोडायला आले, तेव्हा हळूच म्हणाले, "तिला सांगणार?"

"तक्रार करणाऱ्याचं नाव आम्ही कोणाला सांगत नाही."

"आणि पाणी टाकणाऱ्याचं?"

"त्याच्याबद्दल काही नियम नाही," मी म्हटलं आणि उतरले.

तिथून तडक चष्म्याच्या दुकानात गेले. ताई मागच्या खोलीत चाकावर काच धरून बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी चाक बंद केलं, हात पुसले, आणि उभ्याच राहिल्या.

"सूट मंजूर," मी म्हटलं. "घर तुमचं. हप्ता भरा आणि राहायला जा."

त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. मग माझा हात हातात घेऊन दाबला, इतका जोरात की माझी बोटं दुखली. सावरल्यावर म्हणाल्या, "मग तिथे कोण येत होतं?"

"कोणीतरी वर्षभर तुमच्या मोऱ्यांत पाणी टाकत होतं. घराला वास लागू नये म्हणून. तुम्ही दार उघडाल तेव्हा बरं वाटावं म्हणून."

मी नाव घेतलं नव्हतं. पण एखादं घर कोण असं जपतं, हे ताईंना मी काय सांगणार? त्यांचा चेहरा बदलत गेला.

"दादा," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "बाई, आत जाऊन आलेलाच खिडकीचा कागद सांगू शकतो ना? म्हणजे फोनही त्याचाच."

मी भिंतीवरच्या चष्म्यांच्या फ्रेमा बघायला लागले. एकही मला शोभण्यासारखी नव्हती.

"बोलू नका, मला कळलं," ताई म्हणाल्या. मला वाटलं आता चिडतील, रडतील, भावाच्या नावाने बोटं मोडतील. त्यांनी फक्त समोरच्या स्टुलावर बसून घेतलं. "सगळं करेल. पाणी टाकेल, चुगली करेल, माझ्या मागे वर्षभर चोरासारखा फिरेल. पण या एवढ्या वर्षांत एकदाही 'राहा' म्हणाला नाही हो तो मला. एकदाही नाही."

"म्हणाले असते तर राहिला असतात?"

"नाही," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "गेलेच असते मी. पण ऐकायला तर मिळालं असतं."